सहायक लोको पायलट भरती: मी पात्र आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आयटीआयमध्ये शिकवतो. रेल्वेची सहायक लोको पायलट, म्हणजे इंजिनचालकाच्या सहायकाच्या पदाची, जाहिरात आली की वर्कशॉपमध्ये मुलं घोळक्यानं येतात आणि पहिला प्रश्न हमखास पुस्तकाचा असतो, "सर, कुठलं घेऊ?" मी उलट विचारतो, डोळे तपासलेत का? आधारवरचं नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव एकच आहे का? बहुतेकांनी यातलं काहीच केलेलं नसतं.

अर्ज भरताना रेल्वे तुमची पात्रता तपासत नाही, हे आधी नीट लक्षात घ्या. तुम्ही जे भराल ते खरं धरून परीक्षेला बसवलं जातं. खरी तपासणी तीन परीक्षा (दोन सीबीटी, म्हणजे संगणकावरच्या परीक्षा, आणि एक अभियोग्यता चाचणी) पार केल्यावर होते, कागदपत्र पडताळणी आणि वैद्यकीय चाचणीच्या वेळी. तोवर वर्ष-दीड वर्ष सहज निघून जातं, क्लासची फी भरून झालेली असते, घरच्यांनी आशा लावलेली असते. म्हणून ही पानभर प्रश्नोत्तरं. आकडे आणि अटी २०२४ आणि २०२५ च्या जाहिरातींवरून दिल्या आहेत. तुम्ही ज्या जाहिरातीसाठी अर्ज भरणार आहात तिची पीडीएफ मात्र स्वतः वाचा.

डोळ्यांची अट नेमकी काय आहे?

या पदाला रेल्वेची ए-१ ही वैद्यकीय श्रेणी लागते. सगळ्या श्रेणींत हीच सर्वांत कडक. दूरची दृष्टी दोन्ही डोळ्यांची ६/६, आणि तीही चष्म्याशिवाय. जवळची दृष्टी ०.६, तीही चष्म्याशिवाय. त्याशिवाय रंग ओळखणं, दोन्ही डोळ्यांनी मिळून एकच चित्र दिसणं, बाजूचं दिसणं, रात्रीचं आणि संधिप्रकाशातलं दिसणं, या सगळ्यांच्या चाचण्या असतात.

फॉगिंग टेस्ट नावाची एक चाचणीही असते. डोळ्यासमोर प्लस नंबरची काच धरतात. निरोगी डोळ्याला त्या काचेतून लांबचं धूसर दिसायला हवं. तरीही स्वच्छ दिसत असेल, तर डोळ्यात प्लसचा नंबर दडलेला आहे आणि तरुण वयामुळे डोळा ताण देऊन तो झाकतोय, असा त्याचा अर्थ. आज ६/६ दिसणारा मुलगा इथे अडकू शकतो, आणि अडकल्यावर त्याला कळतच नाही की आपलं चुकलं कुठे.

अट इतकी कडक का, हे कळायचं असेल तर कसाऱ्याचा किंवा कर्जत-लोणावळ्याचा घाट आठवा. दोन्हीकडे चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की रूळ एक मीटर वर. श्रावणात तिथे धुकं इतकं उतरतं की समोरचा खांब दिसत नाही. इंजिनात सहायकाचं एक मोठं काम म्हणजे समोरचा सिग्नल बघून मोठ्यानं पुकारणं. तो हात करून "दोन पिवळे" म्हणतो, पायलट तेच पुन्हा उच्चारतो. दोघांच्या डोळ्यांनी एकच गोष्ट पाहिली, याची ती खात्री असते. मागे डब्यांत झोपलेल्या हजारभर माणसांचा जीव त्या दोन शब्दांवर असतो. या अटीबद्दल माझ्या मनात एकदाही तक्रार आलेली नाही.

सर, मला फक्त पाऊण नंबर आहे. चालेल ना?

नाही. नंबर किती हा मुद्दाच नाही. चष्म्याशिवाय ६/६ दिसतं की नाही, एवढंच बघतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावूनही चालत नाही.

मग लेसिक करून घेतलं तर?

अजिबात करू नका. लेसिक किंवा नंबर घालवण्याची दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार सहायक लोको पायलट पदाला अपात्र ठरतो, असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं. "कुणाला कळणार आहे" असं सांगणारे भेटतात. रेल्वेच्या नेत्रतज्ज्ञाला कळतं. या एका चुकीच्या सल्ल्यापायी लोकांनी कर्ज काढून ऑपरेशन केलेलं मी पाहिलं आहे, म्हणून इतकं ठासून लिहितोय.

रंगांधळेपण आहे की नाही, हे आधी कसं कळेल?

इशिहारा चाचणी जवळपास प्रत्येक नेत्रतज्ज्ञाकडे होते. रंगीत ठिपक्यांच्या गोलात आकडा दडलेला असतो, तो वाचायचा. रेल्वेत यासोबत कंदिलाची चाचणीही घेतात. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून रंगीत दिवा दाखवतात आणि रंग विचारतात. लाल-हिरव्यात गोंधळ होणारी मुलं रोजच्या जगण्यात ते इतकं सहज सांभाळून घेतात की विशीपर्यंत त्यांना स्वतःलाच पत्ता नसतो. हे मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त आढळतं. जाहिरातीची वाट न बघता आजच जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. त्यांना नुसतं "डोळे तपासा" म्हणू नका. "रेल्वेच्या ए-१ साठी तपासा, रंगही बघा" असं सांगा.

डोळ्यांचा दाखला कधी लागतो?

अर्ज भरताना लागत नाही. संगणकावरच्या अभियोग्यता चाचणीला जाताना मात्र नेत्रतज्ज्ञाचं प्रमाणपत्र मूळ प्रतीत न्यावं लागतं, तेही जाहिरातीला जोडलेल्या नमुन्यातच. डॉक्टरांच्या लेटरहेडवर "दृष्टी उत्तम" असं लिहून आणलं तर ते चालत नाही. आणि हे प्रमाणपत्र दिलं म्हणजे सुटलात असंही नाही, रेल्वेचे डॉक्टर शेवटी स्वतः तपासतातच. तिथे नापास झालात तर त्याबदल्यात दुसरी नोकरी दिली जात नाही. याला अपवाद नाही.

कोणत्या ट्रेडची मुलं अर्ज करू शकतात?

दहावी पास आणि आयटीआय, मग ते एनसीव्हीटीचं (राष्ट्रीय परिषदेचं) असो वा एससीव्हीटीचं (राज्य परिषदेचं). ट्रेड यादीतला हवा. फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, टर्नर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक, मोटर मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, रेडिओ-टीव्ही मेकॅनिक, मिलराइट, आर्मेचर अँड कॉइल वाइंडर, हीट इंजिन, रेफ्रिजरेशन-एसी. या ट्रेडमध्ये अप्रेंटिस कायद्याखालची अप्रेंटिसशिप पूर्ण केलेले दहावी पासही चालतात.

वेल्डर, प्लंबर आणि कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) यादीत नाहीत. वेल्डरची मुलं दर वेळी विचारतात आणि दर वेळी मला नाही म्हणावं लागतं. लोखंडाशी त्यांचं नातं कुणापेक्षा कमी नसतं, पण यादी ती यादी.

मी बारावी सायन्स आहे, गणित-फिजिक्समध्ये चांगले मार्क आहेत.

नुसत्या बारावीवर हा अर्ज करता येत नाही. बारावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमा केला असेल तरच.

डिप्लोमा किंवा बीई झालेल्यांचं काय?

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा ऑटोमोबाइल शाखेचा तीन वर्षांचा डिप्लोमा आयटीआयऐवजी चालतो. या शाखांची पदवीही चालते. सिव्हिल, कॉम्प्युटर, आयटी चालत नाही. शाखांच्या मिश्र नावांबाबत, म्हणजे "इलेक्ट्रॉनिक्स अँड अमुक" अशा डिप्लोम्यांबाबत, मार्कशीटवरचं नाव जाहिरातीतल्या शब्दांशी जुळवून बघा.

डिप्लोमाच्या मुलांनी आणखी एक लक्षात ठेवावं. दुसऱ्या सीबीटीचा भाग ब हा आयटीआयच्या अभ्यासक्रमावर असतो. इलेक्ट्रिकलच्या मुलाला इलेक्ट्रिशियन, वायरमन यांसारखा आपल्या शाखेला लागू असलेला एखादा ट्रेड निवडावा लागतो. या भागात प्रत्येकाला ३५ टक्के लागतात आणि आरक्षित वर्गालाही सूट नसते. इंजिनिअर झालेली मुलं "आयटीआयचं काय अवघड" म्हणून याच भागात राहतात, कारण त्यांनी कधी मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) हातात धरलेला नसतो.

निकाल लागायचा बाकी आहे. अर्ज भरून ठेवू का?

भरू नका. अर्जाच्या शेवटच्या तारखेला पात्रता हातात हवी. शेवटच्या परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्यांनी अर्ज करू नये, असं जाहिरातीत वेगळं लिहिलेलं असतं. आपल्याकडे दोन वर्षांच्या ट्रेडची परीक्षा पावसाळ्यात होते आणि ही जाहिरात अलीकडे त्याआधीच येते, त्यामुळे दुसऱ्या वर्षाची सगळी तुकडी इथे अडते. चुटपूट लागते, मलाही लागते. पण २०१८ नंतर थेट २०२४ ला जाहिरात आली होती, आणि २०२४ पासून रेल्वेनं भरतीचं वार्षिक वेळापत्रक ठरवलं आहे. एक वर्ष थांबणं आता पूर्वीइतकं महाग पडत नाही.

वयाची अट?

१८ ते ३०. २०२५ च्या जाहिरातीत हे वय १ जुलै २०२५ रोजी मोजलं गेलं. खुल्या आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) वर्गातल्या उमेदवाराचा जन्म २ जुलै १९९५ च्या आधीचा नको. ओबीसींना तीन वर्षं, एससी-एसटींना पाच वर्षं सूट. माजी सैनिक, रेल्वेत आधीच काम करणारे, विधवा आणि घटस्फोटित महिला यांना वेगळी सूट असते.

२०२४ मध्ये कोविडमुळे सगळ्यांना तीन वर्षं जास्त दिली होती, म्हणजे खुल्या वर्गाला ३३. ती सवलत २०२५ ला नव्हती. "गेल्या वर्षी मित्रानं बत्तिसाव्या वर्षी भरला होता" या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

दहावीवर नाव एका क्रमानं आणि आधारवर दुसऱ्याच. अडचण येईल का?

येते. हा खास आपल्या महाराष्ट्राचा प्रश्न आहे. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या कागदावर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. पॅनवर तिसरंच काहीतरी. मागच्या वर्षी एका मुलाचे दोन्ही कागद मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि अक्षर अक्षर ताडायला लावलं. दहावीवर वडिलांच्या नावात दोन "ए" होते, आधारवर एक. त्यानं ते कधीच पाहिलं नव्हतं.

रेल्वेच्या दृष्टीनं दहावीचं प्रमाणपत्र पायाभूत. नाव, जन्मतारीख त्यावर जशी आहे तशीच अर्जात भरायची. अर्ज करताना आधारवरून पडताळणी करून घ्या असा सल्ला असतो, आणि त्यासाठी आधारवरचं नाव आणि जन्मतारीख दहावीशी तंतोतंत जुळायला हवी. म्हणजे बदलायचं असतं ते आधार. जाहिरातीच्या आधी केंद्रावर जाऊन दुरुस्ती करून घ्या. शेवटच्या आठवड्यात सगळं गाव तिथे रांगेत असतं. सही सुद्धा रोजच्यासारखी करा, सुट्या कॅपिटल अक्षरांत नको.

लग्नानंतर माझं नाव बदललं आहे.

अर्जात दहावीवरचं नाव द्या आणि बदललेलं नाव त्यासाठीच्या रकान्यात. पडताळणीच्या वेळी राजपत्र किंवा दुसरा कायदेशीर पुरावा लागतो, आणि तो अर्ज भरण्याच्या तारखेच्या आधीचा हवा. नंतर काढलेलं राजपत्र उपयोगी पडत नाही.

माझ्याकडे राज्याचं नॉन-क्रीमी लेयर आहे. तेच चालेल का?

इथे सगळ्यांत जास्त मुलं घसरतात.

रेल्वे केंद्राची. तिथे केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागतं, भारत सरकारच्या नोकरीसाठी असं त्यावर लिहिलेलं असतं. राज्याच्या भरतीसाठी काढलेलं प्रमाणपत्र तहसीलच्या त्याच खिडकीतून आलेलं असलं तरी ते वेगळं. सेतू केंद्रावर अर्ज देताना "सेंट्रलचं हवं" हे शब्द तोंडानं सांगा आणि हातात पडल्यावर नमुना जाहिरातीतल्या नमुन्याशी ताडून बघा.

दुसरी गोष्ट प्रवर्गाची. राज्यात आपले व्हीजे, एनटी-बी, एनटी-सी, एनटी-डी, एसबीसी असे गट आहेत. केंद्रात हे गटच नाहीत. तिथे फक्त ओबीसी. म्हणून बंजारा, धनगर, वंजारी मुलांना राज्यात वेगळा प्रवर्ग असला तरी रेल्वेच्या अर्जात ओबीसीच निवडावं लागतं. आपली जात महाराष्ट्रापुरत्या केंद्रीय ओबीसी यादीत आहे की नाही, हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर जातीच्या नावानं शोधा. राज्याच्या यादीत आहे म्हणजे केंद्राच्याही यादीत असणार, असं गृहीत धरू नका.

एका मुलाची गोष्ट सांगतो. परीक्षा उत्तम गेली, अभियोग्यता चाचणीही पार केली. पडताळणीला फाईल उघडली तेव्हा आत राज्याचं प्रमाणपत्र. त्याचे वडील ऊसतोडीला जातात, म्हणजे क्रीमी लेयरचा प्रश्नच नव्हता, हक्क शंभर टक्के त्याचा होता. तरी कागद चुकीचा होता.

मी मराठा आहे. एसईबीसी भरू की ईडब्ल्यूएस?

२०२४ च्या कायद्यानं मिळालेलं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आरक्षण राज्याचं आहे, रेल्वेच्या अर्जात तो पर्यायच नसतो. कुणबी नोंद असेल आणि तसं जात प्रमाणपत्र असेल तर कुणबी केंद्रीय यादीत ओबीसी आहेत. ती नसेल तर ईडब्ल्यूएस, पण निकष बसत असतील तरच.

हे निकष ओबीसीच्या क्रीमी लेयरपेक्षा वेगळे आहेत. दोन्हीकडे आठ लाखांचा आकडा दिसतो, म्हणून गोंधळ होतो. ओबीसीसाठी उत्पन्न मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या आठ लाखांत धरत नाहीत, वडिलांच्या पदाचा वेगळा विचार होतो. ईडब्ल्यूएसला मात्र कुटुंबाचं सगळ्या मार्गांचं उत्पन्न धरतात, पगार आणि शेतीसकट. शिवाय कुटुंबाची शेती पाच एकर किंवा त्याहून जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी ईडब्ल्यूएस मिळत नाही. मराठवाड्यातल्या कोरडवाहू सहा एकरवाल्याला हे फार बोचतं, आणि मला ते पटतही नाही, पण नियम सध्या असा आहे. हे प्रमाणपत्र आर्थिक वर्षापुरतं असतं, आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर दिलेलं. मागच्या भरतीचं जुनं प्रमाणपत्र जोडू नका. आणि ईडब्ल्यूएसला वयात सूट नाही.

अर्ज कुठल्या बोर्डाला करायचा?

एकाच रेल्वे भरती बोर्डाला. दोन बोर्डांना अर्ज केले तर सगळेच बाद होतात. मुंबई बोर्ड आपल्याला ओळखीचं म्हणून सगळे तिकडेच धावतात. पण नागपूरकडच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची पदं बिलासपूर बोर्डाकडे असतात, आणि नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत येतो, त्याची भरती सिकंदराबादकडून. जागांचा तक्ता जाहिरातीच्या शेवटी असतो, तो आपल्या प्रवर्गाच्या रकान्यातून वाचा.

परीक्षा मराठीत देता येते का?

दोन्ही सीबीटी मराठीत देता येतात. अभियोग्यता चाचणी फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते. तिथे प्रत्येक भागात किमान ४२ टी-स्कोअर (बाकीच्या उमेदवारांच्या तुलनेत काढलेले गुण) लागतो आणि कुठल्याही प्रवर्गाला सूट नाही. स्मरणशक्ती, सूचना पाळणं, एकाग्रता, अंतराचा अंदाज असे भाग असतात. पाठांतराचा इथे उपयोग नाही.

फी किती?

पाचशे रुपये, पहिल्या सीबीटीला बसलात की चारशे परत. एससी, एसटी, महिला, माजी सैनिक, अल्पसंख्याक आणि आर्थिक मागास (ईबीसी, ईडब्ल्यूएस नव्हे) यांना अडीचशे, ते पूर्ण परत. बँक खात्याचा नंबर नीट भरा.

मला मुंबईच्या लोकलचा मोटरमन व्हायचंय. त्याची वेगळी परीक्षा कुठली?

या भरतीत मोटरमनची वेगळी जाहिरात नसते. वाट इथूनच सुरू होते: सहायक, मग पुढच्या बढत्या. सुरुवात वेतनाच्या लेव्हल २ वर, मूळ वेतन १९,९००, वर धावण्याचा भत्ता.

मुलींनी अर्ज करावा का? घरचे नको म्हणतात.

पात्रतेत मुलगा-मुलगी असा फरक नाही. उंचीची अटही या पदाला नाही, ती पोलीस भरतीतली. घरच्यांना साताऱ्याच्या सुरेखा यादवांबद्दल सांगा. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, १९८९ मध्ये मध्य रेल्वेत सहायक चालक, देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. घाटात गाड्या चालवल्या, २०११ च्या महिला दिनी डेक्कन क्वीन नेली, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. घरच्यांची काळजी खोटी नसते. रात्रपाळी असते, मालगाडीवर तासन्‌तास इंजिनात राहावं लागतं आणि तिथल्या स्वच्छतागृहाचा प्रश्न आजही बहुतेक इंजिनांत सुटलेला नाही. हे माहीत करून घेऊन निर्णय घ्या.

डोळे बसत नाहीत. मग रेल्वेचं दार बंद?

नाही. स्टेशन मास्तर आणि मालगाडीचा ट्रेन मॅनेजर (पूर्वीचा गार्ड) यांना ए-२ लागते, दृष्टी ६/९, पण तीही चष्म्याशिवाय, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिकीट क्लार्कला बी-२ पुरते. तिथे चष्मा चालतो आणि रंगांची चाचणी नसते, शिक्षण बारावी. टेक्निशियनच्या पदांना आयटीआय लागतं, वैद्यकीय श्रेणी पदागणिक बदलते. वेल्डरच्या मुलांनी त्याच जाहिरातीवर लक्ष ठेवावं. तिच्या पीडीएफच्या शेवटी पदनिहाय तक्ता असतो, त्यात आपल्या ट्रेडसमोरची वैद्यकीय श्रेणी आधी बघा, मग अर्ज भरा.